कापडाखालची होडी

१० फेब्रुवारी, मंगळवार. आजचं काम : मागच्या भिंतीला लावलेले जुने साचे उतरवायचे, चालतील ते धुऊन मेण लावून ठेवायचे, बाकीचे कटरने कापायचे. कूलरचा सीझन तोंडावर आला आहे, नव्या मॉडेलचे दोन साचे परवा येतील आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. फायबर भंगारवालाही घेत नाही, त्यामुळे तुकडे करून गोण्यांत भरावे लागतात. रफिक कटर चालवत होता, सुमन गोण्या धरत होती, आणि कोणता कापायचा, कोणता नाही, हे मी खडूने फुली मारून सांगत होते.

दुपारच्या चहापर्यंत सात साचे कापून झाले. आठवा तागाच्या पोत्यात बांधलेला निघाला. सुतळीला एकावर एक तीन गाठी आणि प्रत्येक गाठीचं शेपूट बोटाएवढं, एकसारखं कापलेलं. अशी गाठ मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

तो माणूस आमच्या शेडचा मागचा कोपरा भाड्याने मागायला आला होता तेव्हा आधी त्याने भिंत ठोकून पाहिली, मग पत्रा वाकून पाहिला, आणि मग मला विचारलं, "मॅडम, तुमच्या आधी हितं काय चालायचं?"

"बियाण्यांचं गोदाम होतं."

"उंदरं?"

"आता नाहीत."

"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले आणि कोपरा घेतला. सोबत सामानाच्या पेटीसाठी स्वतःचं कुलूप आणलं होतं. अट एकच घातली, त्यांच्या टेबलावरचं कापड कोणी उचलायचं नाही.

पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे आष्टीचे, इथे जालन्यात खोली घेऊन एकटे राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आमचं काम फायबरचं. उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉड्या, आणि आंबेडकर जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत बुद्धमूर्ती. यजमान शाळेत शिक्षक आहेत, शेडचं सगळं मी बघते. एमआयडीसीच्या या रांगेत बाई मालक असलेली शेड आमची एकच, त्यामुळे कोणावर लवकर विश्वास ठेवायचा नाही ही सवय मला आधीपासून होती. पण काकांपुढे मी काहीच नव्हते.

रेझिनच्या डब्यावर ते रोज जाताना पेन्सिलने आतल्या पातळीची खूण करायचे. हत्यारं टेबलावर मांडली की प्रत्येकाभोवती खडूची रेघ, म्हणजे कोणी कानस हलवली तर सकाळी कळावं. चहा आला तर आधी त्याच किटलीतला रफिकने प्यायलेला बघायचे आणि मग स्वतःचा कप पुढे करायचे. एकदा त्यांनी जाताना टेबलाभोवती रांगोळीची पूड भुरभुरवली. दुसऱ्या दिवशी तीत मांजरीच्या पायांचे ठसे. तर मांजर कोणाची, तिला आत कोणी सोडलं आणि ती उजवीकडूनच का फिरली, याची आमची सगळ्यांची अर्धा तास चौकशी झाली. रफिक म्हणाला, "काका, बिल्ली का बयान भी ले लो." काकांनी त्यावर गंभीरपणे विचार केल्यासारखं केलं.

रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचा हे डब्यावर छापलेलं असतं. काकांचा छापलेल्यावर विश्वास नव्हता. रोज सकाळी बाटलीच्या झाकणात थोडं मिसळून, घड्याळ समोर ठेवून ते बसायचे. जालन्याच्या मे महिन्यात रेझिन सांगितल्यापेक्षा निम्म्या वेळात दगड होतं, हे त्यांचं खरंच होतं. त्यांच्यामुळे आमचे दोन-तीन कूलर वाचले असतील. पण ते आमच्यासाठी म्हणून कधी काही सांगत नसत. झाकण उलटं करून टेबलावर आपटायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "माणसाला विचारू नये. मालाला विचारावं, साच्याला विचारावं."

दुसरं वाक्य आमच्यासाठी होतं. टेबलाजवळ कोणी गेलं की, "बघायचं तर डोळ्यानं बघा, हातानं न्हाई."

बघायला डोळ्यांना काही मिळत नव्हतंच. जाड पांढरं कापड, त्याखाली दीड हात लांबीचं काहीतरी आडवं. सहा महिने ते कापडाखाली हात घालून घासत होते. लाकडाच्या पट्ट्या आल्या, पुट्टी आली, पाण्याचा पॉलिशपेपर आला. रफिक म्हणायचा, ड्रोन है. टेम्पोवाला म्हणायचा, कुठल्या तरी देवळातल्या मूर्तीची नक्कल चालली आहे. सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "म्हातारा माणूस हाय, करून राह्यला काहीतरी. आपल्याला काय करायचंय?"

काका स्वतः सांगायचे की होडीचा साचा करतो आहे. होडी! जालन्यात! जिथे टँकरची वाट बघत आम्ही निम्मा उन्हाळा काढतो. मी एकदा सरळ विचारलं की होडी कशासाठी. ते म्हणाले, "नोकरीभर निळ्या शाईनं कागदावर पाणी काढलं. आता त्याच्यावर कायतरी सोडून बघावं म्हणलं." मला ते उत्तर चुकवणं वाटलं.

त्याला कारण होतं. आमच्या धंद्यात चोरी फार सोपी आहे. कोणाची तयार वस्तू आणायची, तिला मेण लावायचं, तिच्यावरच फायबर चढवून साचा काढायचा. महिनाभराचं काम चार दिवसांत आपलं होतं. आमच्या बुद्धमूर्तीचा चेहरा एका मूर्तिकाराने मातीत दोन महिने बसून घडवलेला. तो चेहरा आमच्याशिवाय कोणाकडे नव्हता, आणि त्या चेहऱ्यावर आमचं वर्ष चालायचं. मार्च महिन्यात परतूरचा एक व्यापारी शेडवर आला आणि सहज बोलून गेला, "ताई, तुमच्यासारखीच मूर्ती तिकडं दुसऱ्या दुकानात पाह्यली. बिलकुल हाच चेहरा."

मी वरवर हसले. तो गेल्यावर मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आमची लहान मूर्ती दीड हाताची. कापडाखालचं दीड हाताचं. आणि बराच वेळ पाहिलं तर ते पालथं निजलेल्या माणसासारखंच दिसत होतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ते पोत्यातून काय आणतात, काय नेतात, फोनवर कोणाशी बोलतात. फोनवर ते फक्त मुलीशी बोलायचे आणि तिच्याशीही असं बोलायचे की वाटावं, दुसरीकडून कोणीतरी ऐकतं आहे. सीझन लागायच्या आत यांना कोपरा रिकामा करायला सांगायचा, असं मी मनाशी ठरवलं. फक्त पुरावा हवा होता.

संकष्टीला काका राजूरच्या गणपतीला जायचे. नारळ जालन्याहून घेऊन जायचे, तोही कानाशी हलवून, चार परत करून, कारण देवळापुढचे दुकानदार जुने नारळ देतात असं त्यांचं म्हणणं. ते गेले म्हणजे तीनपर्यंत येत नसत. त्या संकष्टीला रफिक माल घेऊन गेला होता, सुमन दाराशी मॅट, म्हणजे फायबरच्या धाग्यांचं कापड, कापत होती. मी डबा खाल्ला, हात धुतले आणि मागे गेले. खडूची रेघ न पुसता टेबलाजवळ उभी राहिले. कापड एका बाजूने उचललं.

खाली करड्या रंगाची, आरशासारखी घासलेली गोलाई होती. मूर्तीच्या पाठीसारखी. डोळ्यांनी मला काही कळेना, म्हणून फायबरवाला जे करतो ते मी केलं. उजवा तळहात तिच्यावर ठेवून दाबून फिरवला. मूर्ती आमची असती तर खांद्याखालचा खोलगटपणा हाताला लगेच लागला असता. तो नव्हता. गोलाई पुढे निमुळती होत गेली आणि तिला टोक आलं. होडी होती. उलटी ठेवलेली होडी.

मी कापड सारखं केलं आणि बाहेर येऊन बसले. हायसं वाटलं, आणि थोडी निराशाही झाली, हे कबूल करते.

हात मागे घेताना बोटांना चिकट लागलं होतं ते मी ओढणीला पुसलं. ते काय आहे हे मला कळायला हवं होतं. पॅटर्नला, म्हणजे जिच्यावरून साचा काढायचा त्या मूळ वस्तूला, मेणाचे पाच-सहा हात दिल्यावर वरून एक पातळ द्रावण मारतात. ते वाळलं की कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्यामुळेच साचा पॅटर्नला न चिकटता सुटतो. पाणी लागलं की तो विरघळतो. सकाळीच काकांनी द्रावण मारून ठेवलं असणार. आणि माझा हात ओला होता. आमच्याकडे नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच बजावते.

संध्याकाळी काकांनी जेलकोट, म्हणजे साच्याचा पहिला गुळगुळीत थर, मारला. दुसऱ्या दिवशी वर मॅट आणि रेझिनचे थर चढवले. दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी साचा सोडवायला रफिकला हाताशी घेतलं. लाकडी पाचरी सरकवल्या, फटीतून पाणी सोडलं, रबरी हातोड्याने ठोकलं. एक बाजू टक्कन सुटली. दुसरी सुटेना. शेवटी दोघांनी ओढली तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज झाला. पॅटर्नची कातडी तळहाताएवढी सोलून साच्याला चिकटून आली होती, आतलं लाकूड उघडं पडलं होतं. सहा महिन्यांचं घासकाम एका आवाजात गेलं.

"ऐसा कैसा चिपका?" रफिक म्हणाला. "छे हात वॅक्स मारे थे काका ने. मेरे सामने."

काकांनी हातातली पाचर खाली ठेवली. साचा उचलून एकटेच दाराशी उन्हात गेले. तिथे त्याला कलता धरून बराच वेळ बघत उभे राहिले. परत आले ते साचा छातीशी धरून, आतली बाजू स्वतःकडे.

"कोणाचा तरी ओला हात लागलाय," ते म्हणाले.

कोणी विचारलं नव्हतं तरी मी बोलले. "मी तर समोरच असते. त्या दिवशी शेडमध्ये सुमन होती. शेडची चावीही तिच्याकडेच असते."

सुमनच्या हातात कात्री होती. तिने ती खाली ठेवली. "मी न्हाई लावला, ताई. मी तिकडं गेल्तेच न्हाई."

"सुमन न्हाई," काका म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"साच्यानं सांगितलं."

मला वाटलं, म्हातारा उगाच मोठेपणा करतो आहे. जो माणूस मांजरीची चौकशी करतो तो एका वाक्यात सुमनला सोडतो, यातही काहीतरी असेल असं वाटलं. पण मी बोलून बसले होते, आणि बोललेलं खरं दिसावं म्हणून पुढचंही केलं. दुसऱ्या दिवशी सुमनला म्हणाले, "चावी काही दिवस माझ्याकडे राहू दे." ती शेडच्या मागच्याच वस्तीत राहते. सात वाजता येऊन शटर उघडायचं, झाडून घ्यायचं, देव्हाऱ्यात ठेवावी तशी ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर पुसायची, हे पहिल्यापासून तिचं काम. तिने पदराची गाठ सोडली आणि चावी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

काही दिवस म्हटलं होतं. तीन वर्षं झाली. मी आठला येते. ती अजूनही सातलाच येते आणि बाहेर पालथ्या बादलीवर बसून असते.

एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात आली होती. चावी घेतल्यापासून काका नऊऐवजी सातला यायला लागले. सुमन बादलीवर, काका रेझिनच्या रिकाम्या डब्यावर. मी स्कूटी लावेपर्यंत दोघे बोलत असायचे आणि मी दिसले की गप्प व्हायचे. हे दोघे माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवत आहेत, अशी माझी खात्री होती.

व्यापाऱ्याने पाहिलेली मूर्ती आमचीच निघाली. आमच्याच एका गिऱ्हाइकाने त्या दुकानाला विकलेली. ते मला एप्रिलमध्ये कळलं. काकांना कोपरा सोडायला सांगायचं मग राहूनच गेलं.

पॅटर्न तर गेला होता. काकांनी साच्याला चिकटलेली कातडी खरवडून काढली, ती जागा पुट्टीने भरली, घासली आणि त्याच साच्यातून होड्या काढल्या. चार काढल्या. एका दुपारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना टेम्पोत घालून ओळखीच्या शेतातल्या शेततळ्यावर नेलं. प्लॅस्टिकच्या काळ्या कागदावर हिरवं पाणी, कडेला पंप. होडीला छोटी मोटर बसवलेली होती. "हात सोडला तरी सरळ गेली पायजे, तर होडी," असं म्हणून त्यांनी ती पाण्यात सोडली. ती दहा हात गेली आणि डावीकडे वळायला लागली. परत आणली, परत सोडली. परत डावीकडे.

"काका, इसकू भी शक है तुम पे," रफिक म्हणाला. सुमन पदर तोंडाला लावून हसली.

काकांनी खिशातून एक लोखंडी नट काढला, होडीच्या आत उजव्या अंगाला मेणाने चिकटवला आणि सोडली. होडी सुतासारखी सरळ पलीकडच्या काठाला जाऊन टेकली. नट खिशात आणलेला होता, म्हणजे साच्यातल्या ठिगळामुळे होडी कुठे वळणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. चारही होड्यांत त्यांनी तसाच एकेक नट बसवला.

"साचाच का नीट करत नाही?" मी विचारलं. "थोडं घासलं की काम झालं."

"ऱ्हाऊ द्या," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "घासलं की पुरावा जातो."

मला ते आवडलं नाही. परतताना मी टेम्पोत पुढे बसले.

वर्षभराने डोळ्यांचं ऑपरेशन निघालं म्हणून काका आष्टीला गेले. खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या, कुलूप काढून घेतलं, होड्या नेल्या. साचा मात्र पोत्यात बांधून भिंतीला लावला. मी म्हटलं, हाही न्या. ते म्हणाले, "हितंच बरा. तुम्ही साच्यांना मेण लावायला काढता की वर्षातून एकदा." जागा अडवून ठेवायचा डाव असेल म्हणून मी तो कधी काढलाच नाही.

आज काढला. तीन गाठी सोडायला कात्री घ्यावी लागली. रफिक कटर घेऊन उभाच होता. म्हटलं थांब, आधी बघू दे. दाराशी उन्हात नेला. चार वाजले होते, ऊन तिरपं आत येत होतं. समोरून धरला तर फक्त पुट्टीचं ठिगळ दिसत होतं. कलता धरला.

ठिगळाच्या पुढे जेलकोटवर चार बोटं उमटली होती. पुसट, पण कडेपर्यंत स्वच्छ. आणि अंगठ्याजवळचं पहिलं बोट बाकीच्यांपेक्षा अर्ध्या पेराने तोकडं.

माझ्या उजव्या तर्जनीचं टोक ग्राइंडरमध्ये गेलं त्याला बरीच वर्षं झाली. या रांगेतल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

"काटूं क्या?" रफिकने विचारलं.

"नको," मी म्हणाले. साचा आत नेऊन ठेवला आणि आष्टीला फोन लावला.

काकांची फोन उचलायची पद्धत तीच आहे. "कोण मेलं?"

"कोणी नाही. मी बोलतेय, शेडवरून. तुमचा साचा काढला आज."

"उन्हात धरला?"

"धरला."

पलीकडे त्यांनी कोंबड्यांना हाकललं. "तीन वर्षं लावली, मॅडम. मला वाटलं व्हतं, पयल्याच उन्हाळ्यात काढाल."

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही न्हाई म्हणल्या असत्या. मंग मला तुमचं बोट धरून साच्यावर ठेवावं लागलं असतं. मालकिणीचं बोट धरल्यावर कोपरा ऱ्हातो का? होड्या काढायच्या व्हत्या मला." मग म्हणाले, "सुमनला चावी दिली का?"

"नाही अजून."

"मंग मला कशाला फोन केला," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

हे इथवर संध्याकाळी लिहिलं. पुढचं बुधवारचं.

सकाळी मी सातच्या आधी शेडवर गेले. सुमन बादलीवर बसली होती. मला एवढ्या लवकर बघून ती उठली आणि म्हणाली, "काय झालं, ताई?" मी चावी तिच्या हातात दिली. "तू उघड." तिने माझ्याकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि शटर वर केलं.

रस्त्यावर कोवळं ऊन आल्यावर मी साचा बाहेर नेऊन कलता धरला आणि उजवा हात उताणा करून त्या ठशावर ठेवला, कारण साच्यात सगळं उलटं उमटतं. म्हणाले, "तो हात माझा होता. तुझं नाव मी खोटं घेतलं."

सुमन वाकून बघत राहिली. मग चावी पदराला बांधत, गाठ घट्ट ओढत म्हणाली, "करंगळी जरा खाली घ्या, ताई. हां, आता बराबर बसला."